रूवेन रुबिन: उजेड सापडण्याआधी आणि नंतर

इस्रायली चित्रकार रूवेन रुबिनची चित्रं म्हटली की डाळिंबं, ऑलिव्हची चंदेरी झाडं आणि वाळूतली पांढरी घरं डोळ्यांपुढे येतात. हा लख्ख उजेड मात्र त्याच्या चित्रांत यायला तिशी उजाडावी लागली.

रुबिनचा जन्म १८९३ चा, रुमानियातल्या गलाट्सचा. घर गरीब, मुलं तेरा. १९१२ मध्ये तो जेरुसलेमच्या बेझालेल कलाशाळेत आला. बोरिस शात्झ या शिल्पकाराने १९०६ मध्ये काढलेल्या या शाळेत गालिचे, चांदीकाम, हस्तिदंती कोरीवकाम यांवर भर होता. चित्रकार व्हायला आलेला मुलगा तिथे रमला नाही. वर्षभरात त्याने पॅरिस गाठलं. पहिलं महायुद्ध पेटलं आणि पुन्हा रुमानिया.

या काळातली त्याची चित्रं काळवंडलेली, लांबोडक्या शरीरांची. १९२२ च्या ‘भेट’ या चित्रात येशू आणि एक म्हातारा ज्यू एकाच बाकावर बसले आहेत, पण एकमेकांशी बोलत नाहीत. ज्यू चित्रकाराने येशूला असं शेजारी बसवणं धाडसाचंच होतं. याच्या आदल्याच वर्षी तो न्यूयॉर्कला गेला होता. आल्फ्रेड स्टिग्लिट्झसारख्या छायाचित्रकाराच्या मदतीने तिथे त्याचं प्रदर्शनही झालं.

१९२३ मध्ये तो पॅलेस्टाईनमध्ये कायमचा आला आणि रंगांची पेटीच बदलली. त्याच वर्षीच्या ‘पहिली फळं’ या तीन भागांच्या चित्रात सपाट, स्वच्छ रंग आहेत. मधल्या भागात बाहेरून येऊन वसलेले नवे ज्यू वसाहतकार आणि येमेनी ज्यू कलिंगड, संत्री, केळी घेऊन उभे. मेंढपाळ आणि उंटवाला अरब कडेच्या पट्ट्यांत. मला हे चित्र आवडतं, पण ही मांडणी निरागस वाटत नाही. जे दिसलं त्यापेक्षा जे घडावंसं वाटलं ते त्यात जास्त आहे. कोण मध्ये आणि कोण कडेला, हे रुबिनने १९२३ मध्येच ठरवून टाकलं होतं.

१९२४ मध्ये जेरुसलेममधल्या ‘दावीदचा मनोरा’ या जुन्या किल्ल्यात त्याचं एकल प्रदर्शन भरलं. पुढे नाव होत गेलं. इस्रायल झाल्यावर १९४८ ते १९५० तो रुमानियातच नव्या देशाचा राजदूत होता. १९७३ मध्ये इस्रायल पुरस्कार हा तिथला मोठा राष्ट्रीय सन्मान, पुढच्याच वर्षी निधन. तेल अवीवच्या बियालिक रस्त्यावरच्या १४ क्रमांकाच्या त्याच्या घरात आता संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरचा स्टुडिओ तसाच राखलेला आहे.