लाबीश, अझॅन

लाबीश, अझॅन मारँ : (५ किंवा ६ मे १८१५ – २२ किंवा २३ जानेवारी १८८८). फ्रेंच नाटककार. व्होदव्हील या विनोदी, गीतमिश्रित नाट्यप्रकाराला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्याने नवे रूप दिले. जन्म आणि मृत्यू दोन्ही पॅरिसमध्ये. जुन्या कोशांत जन्म ५ मे व मृत्यू २३ जानेवारी असा दिला जातो, तर अलीकडच्या चरित्रपर लेखनात ६ मे आणि २२ जानेवारी या तारखांकडे कल दिसतो. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या मताला झुकते माप दिले आहे. वडिलांचा पॅरिसजवळील र्‍यूए येथे साखरेचा पाक व ग्लुकोज तयार करण्याचा कारखाना होता. घरची सुबत्ता लाबीशच्या लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली, कारण कारखानदार, व्यापारी, सराफ, निवृत्त दुकानदार अशा ज्या पॅरिसकर मध्यमवर्गाचे त्याने आयुष्यभर चित्रण केले, त्याच वर्गात तो वाढला होता. शालेय शिक्षण कॉलेज बूरबाँमध्ये झाले. त्यानंतर त्याने कायद्याचा अभ्यास केला, पण वकिली केली नाही. १८३४ मध्ये काही मित्रांबरोबर त्याने इटलीचा लांबचा प्रवास केला. परतल्यावर किरकोळ नियतकालिकांतून लेखन सुरू झाले.

‘ला क्यूव्हेत दो’ (१८३७) हे त्याचे पहिले नाटक मानले जाते, मात्र त्याची संहिता आज उपलब्ध नाही. १८३८ मध्ये ओग्यूस्त लफ्राँ आणि मार्क-मिशेल यांच्यासह लिहिलेले ‘मस्य द क्वालँ’ हे नाटक पाले-रॉयाल रंगमंदिरात झाले. हे तिघे मित्र काही काळ ‘पोल दाँद्रे’ या एकाच टोपणनावाने लिहीत असत. १८३९ मध्ये ‘ला क्ले दे शाँ’ ही त्याची एकमेव कादंबरी प्रसिद्ध झाली. १८४२ मध्ये आदेल युबेर हिच्याशी विवाह ठरताना सासऱ्याने नाटकाचा नाद सोडण्याची अट घातली, लाबीशने ती पाळली आणि पुढे पत्नीनेच त्याला या वचनातून मोकळे केले, अशी हकीकत चरित्रकार देतात. तपशिलांत थोडाफार फरक असला तरी त्या सुमारास त्याच्या लेखनात खंड पडला होता, एवढे खरे.

व्होदव्हील या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. नॉर्मंडीतील व्हीर नदीच्या खोऱ्याच्या नावावरून (‘व्हो द व्हीर’) तो आला, हे मत सर्वाधिक प्रचलित आहे. पंधराव्या शतकात या खोऱ्यात कापडाला कुंदी करण्याचा (ते ठोकून घट्ट करण्याचा) व्यवसाय करणाऱ्या ऑलिव्हिए बासलँ याच्या नावावर असलेल्या मद्यपानगीतांशी त्याचा संबंध जोडला जातो. मात्र या गीतांच्या कर्तृत्वाविषयीच शंका आहेत. दुसरे मत असे, की सोळाव्या शतकात ‘व्हा द व्हील’, म्हणजे ‘नगराचा आवाज’, या नावाने छापल्या जाणाऱ्या शहरी गीतांवरून हा शब्द बनला. मूळ नाव खोऱ्याचे असावे आणि नंतर ‘नगर’ या अर्थाच्या शब्दाशी त्याचा उच्चारसाम्याने मेळ बसला असावा, असे मानणे दोन्ही पुराव्यांना अधिक न्याय देणारे वाटते. काहीही असले तरी अठराव्या शतकातील जत्रांमधील रंगमंचांवर, सर्वांच्या तोंडी असलेल्या चालींवर नवे शब्द बसवून म्हटलेली गाणी हे या नाट्यप्रकाराचे मुख्य लक्षण बनले होते. छापील संहितेत प्रत्येक कडव्याच्या डोक्यावर मूळ चालीचे नाव दिलेले असे. आपल्याकडील संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून ज्या गाण्याचा उल्लेख असतो, तशीच ही रीत होती. अशा चाली शोधणे सोपे जावे म्हणून ‘ला क्ले द्यू काव्हो’ हा स्वरसंग्रह १८११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

या प्रकाराला कायद्याचीही चौकट होती. नेपोलियनच्या १८०७ च्या हुकुमाने पॅरिसमधील रंगमंदिरांची संख्या आठवर आणली आणि कोणत्या रंगमंदिरात कोणता नाट्यप्रकार व्हावा हे ठरवून दिले. पुढे बंधने सैल होऊन पाले-रॉयालसारखी नवी रंगमंदिरे (१८३१) उघडली, तरी परवान्यांची पद्धत ६ जानेवारी १८६४ च्या हुकुमापर्यंत टिकली. लाबीशच्या उमेदवारीच्या काळात या क्षेत्रावर अझॅन स्क्रीबचा (१७९१–१८६१) प्रभाव होता. कथानकाचा प्रत्येक धागा आधी पेरायचा आणि शेवटी उलगडायचा, ही स्क्रीबची बांधणी लाबीशने घेतली, परंतु तिचा वेग कितीतरी पटींनी वाढवला.

हा बदल ‘अँ शापो द पाय दिताली’ (गव्हाच्या काडांची इटालियन टोपी) या पाच अंकी नाटकात सर्वप्रथम पूर्णपणे दिसतो. मार्क-मिशेलच्या सहकार्याने लिहिलेले हे नाटक १४ ऑगस्ट १८५१ रोजी पाले-रॉयालमध्ये झाले. नायक फादिनारची भूमिका राव्हेल या नटाने केली. रंगमंदिराचा चालक दॉर्मय याला संहिता मुळीच पसंत नव्हती आणि पहिल्या प्रयोगाच्या वेळी तो मुद्दाम पॅरिसबाहेर गेला, असे सांगतात.

कथानक क्षुल्लक घटनेतून उभे राहते. लग्नाच्या दिवशी सकाळी व्हँसेनच्या वनातून येताना फादिनारचा घोडा झाडाला अडकवलेली एका स्त्रीची टोपी खातो. ही विवाहित स्त्री आनाईस एका लष्करी अधिकाऱ्याच्या सोबत असते आणि टोपीवाचून नवऱ्यापुढे जाणे तिला शक्य नसते. तशीच टोपी मिळेपर्यंत ती आणि तो तापट अधिकारी फादिनारच्या घरातून हलत नाहीत. फादिनार टोपीच्या शोधात निघतो आणि आठ घोडागाड्यांतून आलेले सगळे वऱ्हाड त्याच्या मागोमाग फिरू लागते. टोप्या विकणारीचे दुकान वऱ्हाडाला नगरपालिका वाटते, सरदारणीचा दिवाणखाना भोजनगृह वाटतो आणि एका परक्या गृहस्थाचे घर नवऱ्या मुलाचे घर वाटते. तो गृहस्थ आनाईसचाच नवरा असतो. वधूपिता नोनांकूर रोपवाटिकेचा मालक असून मर्टलच्या झाडाची कुंडी अंकामागून अंक हातातून खाली ठेवत नाही. त्याला बूट चावत असतात आणि वधूच्या पोशाखात एक टाचणी टोचत राहते. ‘जावईबापू, सगळे मोडले!’ हे त्याचे पालुपद दर वेळी नव्या प्रसंगात येते. शोध पुरा झाल्यावर कळते, की फादिनार जी टोपी शोधत होता ती घोड्याने खाल्लेलीच होती. खरी दुसरी टोपी मात्र बहिऱ्या व्हेझिने काकाने आहेर म्हणून पहिल्याच अंकात घरात आणून ठेवलेली असते. प्रेक्षकांसमोर सुरुवातीपासून पडलेल्या त्या खोक्यात उत्तर ठेवण्याची ही योजना फ्रेंच विनोदी रंगभूमीवरील अत्यंत काटेकोर रचनांपैकी एक आहे.

ज्येष्ठ टीकाकार फ्रांसिस्क सार्सेने या नाटकापासून व्होदव्हीलच्या इतिहासात नवा टप्पा सुरू झाल्याचे मानले. तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँने हास्यविषयक ग्रंथात (१९००) लहान कारणाचा परिणाम बर्फाच्या गोळ्यासारखा वाढत जाण्याच्या विनोदतंत्राचे उदाहरण म्हणून याच टोपीचा उल्लेख केला आहे.

पाले-रॉयालमधील धावपळीच्या नाटकांबरोबरच लाबीशने स्वभावचित्रणाकडेही लक्ष दिले. एद्वार मार्तँच्या सहकार्याने लिहिलेले ‘ल व्होयाज द मस्य पेरिशाँ’ (पेरिशाँसाहेबांचा प्रवास) हे चार अंकी नाटक १० सप्टेंबर १८६० रोजी जिम्नाझ रंगमंदिरात झाले. त्यात गाणी नाहीत. गाड्या बनवण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला पेरिशाँ पत्नी व मुलीला घेऊन आल्प्स पाहायला निघतो. पॅरिसच्या स्थानकावर तो सामान मोजतो : ‘चार, पाच, सहा, बायको सात, मुलगी आठ आणि मी नऊ.’ मुलीच्या हाती तो एक वही देतो, तिच्या एका पानावर खर्च आणि दुसऱ्यावर प्रवासातील अनुभव लिहायचे असतात. मुलीला मागणी घालणारे दोन तरुण त्यांच्या पाठोपाठ येतात. आर्मां दरीत पडणाऱ्या पेरिशाँचा जीव वाचवतो, पण उपकाराचे हे ओझे पेरिशाँला थोड्याच वेळात नकोसे होते. दुसरा तरुण दानिएल हे ओळखून स्वतःच पडल्याचे नाटक करतो आणि पेरिशाँला आपला ‘जीवनदाता’ होऊ देतो. यानंतर पेरिशाँचे प्रेम दानिएलकडे वळते. ज्याने आपल्यावर उपकार केले त्याच्यापेक्षा आपण ज्याच्यावर केले तो माणूस आपल्याला प्रिय असतो, ही या नाटकातील जाण लाबीशच्या सर्व लेखनातील सर्वांत खोल जागा आहे. शामोनीच्या हिमनदीजवळील अभिप्रायपुस्तकात पेरिशाँ एक भारदस्त वाक्य लिहितो आणि त्यात ‘समुद्र’ या अर्थाचा फ्रेंच शब्द ‘आई’ या अर्थाच्या, सारख्याच उच्चाराच्या शब्दाप्रमाणे लिहून बसतो. एक मेजर त्या चुकीवर शेरा मारतो आणि प्रकरण द्वंद्वापर्यंत जाते.

याच काळातील इतर नाटकांपैकी ‘ला पूद्र ओ झ्यो’ (१८६१) आणि आल्फ्रेद दलाकूरसह लिहिलेले ‘ला कान्योत’ (१८६४) ही महत्त्वाची आहेत. दुसऱ्या नाटकात पत्त्यांच्या डावात साठवलेल्या गल्ल्याच्या पैशांवर लहान गावातील मंडळी पॅरिसला चैन करायला येतात आणि तुरुंगापर्यंत पोहोचतात. कॉमेदी-फ्रान्सेझ या फ्रान्सच्या राष्ट्रीय रंगमंदिरासाठी लिहिलेल्या ‘म्वा’ला (१८६४) मात्र बेताचेच यश मिळाले.

लाबीशच्या कर्तृत्वाविषयी सर्वांत जास्त वाद सहलेखनाच्या प्रश्नावर झाला. त्याच्या नाटकांची संख्या गणनेच्या पद्धतीनुसार बदलते. बहुतेक अभ्यासक ती १७० हून थोडी अधिक धरतात. यांपैकी ‘अँ झ्यन ऑम प्रेसे’ (१८४८) किंवा ‘व्हॅन्त-नफ दग्रे आ लाँब्र’ (१८७३) यांसारखी, एकट्याने लिहिलेली नाटके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. त्या काळी पॅरिसच्या व्यावसायिक रंगभूमीवर सहलेखन हा अपवाद नव्हता, तर नेहमीची पद्धत होती. कल्पना, प्रवेशांची आखणी, संवाद आणि गाण्यांचे शब्द यांची वाटणी होई, आणि यशाचे मानधनही वाटले जाई. त्यामुळे कोणते वाक्य कोणाचे हे हस्तलिखितांवरूनही दर वेळी ठरवता येत नाही. मार्क-मिशेलबरोबर धावपळीचा वेग, मार्तँबरोबर स्वभावाचा शोध, असा काहीसा फरक जाणवतो, म्हणून सहलेखकांचा वाटा नगण्य ठरवणे योग्य नाही. दुसऱ्या बाजूला, नाटककार एमील ओजिएने पुढे मांडलेली बाजू अशी, की सहकारी बदलले तरी नाटकांवरचा ठसा एकच राहतो, म्हणून तो लाबीशचाच मानला पाहिजे. ओजिए स्वतः ‘ल प्री मार्तँ’ (१८७६) या नाटकाचा सहलेखक होता, त्यामुळे त्याच्या साक्षीला वजन आहे. ती मित्राची साक्ष आहे हेही विसरता येत नाही. प्रत्यक्ष नाटके पाहता ओजिएचे मत अधिक ग्राह्य वाटते. या सहलेखकांनी लाबीशशिवाय लिहिलेली नाटके आज क्वचितच रंगमंचावर येतात. परंतु लाबीशने एकट्याने लिहिलेल्या नाटकांतही मुख्यतः एकांकिकाच आहेत, आणि पाच अंकांची उंची त्याने सोबत्याशिवाय गाठलेली नाही. समोर बसून ऐकणारा, नाकारणारा आणि भर घालणारा माणूस त्याला लागत असे, असाच निष्कर्ष यातून निघतो.

१८४८ च्या क्रांतीनंतर तो संविधान सभेच्या निवडणुकीत उभा राहिला, पण पराभूत झाला. १८५० च्या दशकात त्याने सोलोन्य भागात सुव्हिन्यी येथे जमीनजुमला घेतला, तिथे शेतीत रस घेतला आणि पुढे तो त्या गावाचा महापौर झाला. १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर प्रेक्षकांची अभिरुची बदलली आणि त्याच्या नाटकांचे यश अनिश्चित झाले. एर्नेस्त लगूवेसह लिहिलेली ‘ला सिगाल शे ले फूर्मी’ (१८७६) ही एकांकिका कॉमेदी-फ्रान्सेझमध्ये यशस्वी ठरली, परंतु ‘ला क्ले’ (१८७७) नंतर त्याने लेखन थांबवले.

यानंतर त्याची प्रतिष्ठा अचानक वाढली ती छापील ग्रंथांमुळे. ओजिएच्या आग्रहावरून आणि त्याच्याच प्रस्तावनेसह लाबीशचे ‘तेआत्र काँप्ले’ १८७८–७९ मध्ये दहा खंडांत निघाले. ‘समग्र’ असे नाव असले तरी त्यात ५७ नाटकेच आहेत, म्हणजे ही लेखकाने स्वतः केलेली निवड आहे. पाले-रॉयालच्या प्रयोगात हशा पिकवणारे संवाद वाचतानाही टिकतात, हे या खंडांनी दाखवले. २६ फेब्रुवारी १८८० रोजी तो फ्रेंच अकादमीवर निवडला गेला. व्होदव्हीलच्या लेखकाला हा मान मिळणे काही टीकाकारांना रुचले नाही, तरी स्क्रीबच्या रूपाने तसा पायंडा आधीच पडलेला होता. लाबीशचे दफन माँमार्त्र येथील दफनभूमीत झाले.

फ्रान्सबाहेर त्याच्या नाटकांपैकी टोपीच्या नाटकाचाच प्रवास सर्वांत दूरचा आहे. डब्ल्यू. एस. गिल्बर्टने त्यावरून १८७३ मध्ये इंग्रजी रूपांतर केले. रने क्लेरच्या मूकपटाने (१९२८) शब्दांवाचूनही हे कथानक उभे राहते हे सिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये ऑर्सन वेल्सने १९३६ मध्ये त्याचे रूपांतर सादर केले, कॉमेदी-फ्रान्सेझमध्ये ते १९३८ मध्ये गास्ताँ बातीच्या दिग्दर्शनाखाली झाले, आणि नीनो रोताचा त्यावरील ऑपेरा १९५५ मध्ये पालेर्मोत झाला. जॉर्ज फेदोने (१८६२–१९२१) पुढे जे गुंतागुंतीचे व्होदव्हील रचले, त्याची बैठक लाबीशच्या या तंत्रात सापडते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिग्दर्शकांचे लक्ष ‘लाफेर द ला र्‍यू द लूर्सीन’ (१८५७) या एकांकिकेकडे वळले. पात्रीस शेरोने ती १९६६ मध्ये केली. लाबादाँस यांच्या शाळेतील माजी विद्यार्थ्यांच्या मेजवानीनंतर दोघे जण काळवंडलेल्या हातांनी जागे होतात, जुने वर्तमानपत्र आजचे समजून वाचतात आणि त्यातील कोळसेवालीचा खून आपणच केला, अशी त्यांची खात्री होते. हा गुन्हा लपवण्यासाठी ही सभ्य माणसे कोणत्या थराला जायला तयार होतात, हे पाहताना हशाच्या तळाशी असलेली भीती उघडी पडते. या शाळेच्या नावावरून ‘लाबादाँस’ हा शब्द जुन्या शाळासोबत्याला उद्देशून फ्रेंच भाषेत रूढ झाला.