वैरागडचे हिरे आणि कार्डावरची अक्षरं

तालुक्याच्या सराफाकडे आता हिऱ्याची चमकी घ्यायला गेलं तरी डबीसोबत कार्ड मिळतं. रंग ‘जी’, स्वच्छता ‘व्हीएस’ (म्हणजे आत अगदी बारीक डाग). मग प्रश्न येतोच: वरची ग्रेड म्हणजे जास्त देखणा हिरा का? बहुतेक वेळा नाही. या अक्षरांची जन्मकथा पाहिली की कारण कळतं.

हिऱ्याची पारख आपल्या मुलखाला नवी नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. तिथल्या हिऱ्याच्या खाणीची नोंद अकबराच्या काळात अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त केली, चांद्याच्या गोंड राजाने, बाबजीने, ते ठाणं नुकतंच घेतल्याचंही तो लिहितो. त्याच्या हजारेक वर्षं आधी वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वेणा नदीकाठचे हिरे निर्मळ म्हटलेत. ही वेणा म्हणजे वैनगंगा, असं काही अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते मान्य नाही.

त्या ग्रंथातली प्रतवारी वाचण्यासारखी आहे. चांगला हिरा विजेसारखा, अग्नीसारखा, इंद्रधनुष्यासारखा चमकावा. म्हणजे आधी तेज. मग दोष: कावळ्याच्या पायासारखी खूण, माशीसारखा डाग, केसासारखी रेघ. वजन तांदळाच्या मापाने. हिरा पाण्यावर तरंगावा असंही तिथं लिहिलंय, पण पाण्याच्या साडेतीनपट जड खडा तरंगणार कसा! रंग मात्र वर्णांना वाटून दिलेत, पांढरा ब्राह्मणाला आणि काळसर शूद्राला. त्या वाटणीत डोळ्यांना काय भावतं याचा संबंध नव्हता. समाजाची उतरंडच खड्यावर चढवली होती.

सतराव्या शतकात दख्खनच्या खाणी पाहून गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने इथल्या पारख्यांची रीत टिपली. रात्री भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवायचा आणि खडा बोटांत धरून त्याचं पाणी, म्हणजे निर्मळपणा नि झळाळी, बघायचं. पैलू पाडणाऱ्यांचा हिशेबही त्याने लिहिला: खडा स्वच्छ असेल तर वरवर घासायचा, कारण वजन घटायला नको, डाग असेल तर तो झाकायला पैलू वाढवायचे. किंमत वजनाला होती, चमक त्यानंतर.

आजची अक्षरं अमेरिकेतली. रॉबर्ट शिपली यांनी १९३१ मध्ये जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) ही रत्नपारखीची संस्था काढली. रंगाची ‘डी’ (बिनरंगी) ते ‘झेड’ (पिवळसर) ही शिडी १९५३ मध्ये संस्थेचे प्रमुख रिचर्ड लिडिकोट यांच्या काळात आली. दुकानदार ‘ए’, ‘डबल ए’ अशा मनमानी प्रती लावत, म्हणून ‘ए’ सोडून ‘डी’पासून सुरुवात केली. स्वच्छता दहापट भिंगाखाली ठरते. बाजार समितीतला ग्रेडर कापसाचा ओलावा आणि धाग्याची लांबी बघतो तसंच हे काम: न पाहिलेल्या मालाचा दूरवर सौदा व्हावा, भांडण नको. त्यामुळे मोजला गेला तो दुर्मिळपणा. ‘व्हीएस’मधला ठिपका नुसत्या डोळ्याला दिसत नाही, आणि पिवळ्या सोन्यात बसवल्यावर ‘जी’ नि ‘आय’ मधला फरक घरातल्या कुणालाही सांगता येणार नाही. भाव मात्र वेगळा.

लखलखाट येतो तो पैलूंच्या कोनांतून. कोन नीट जुळले तर खालच्या बाजूला गेलेला प्रकाश आतल्या आत दोनदा वळून वरून बाहेर पडतो. खडा फार खोल किंवा फार उथळ कापला की प्रकाश खालूनच निसटतो, आणि ‘डी’ रंगाचा निर्दोष हिराही मंद दिसतो. हे गणित हिरे कापणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोलकोव्स्कीने १९१९ मध्ये मांडलं होतं, तरी जीआयएच्या कार्डावर गोल हिऱ्याच्या कटची ग्रेड आली ती थेट २००६ मध्ये. चमकी घेताना म्हणून दुकानातल्या झगझगीत दिव्यांखालून बाहेर, दारातल्या उजेडात खडा हलवून बघावा. हे सांगायला कुठलं कार्ड लागत नाही.

प्रयोगशाळेतले हिरे आले आणि या शिडीचं खरं काम उघडं पडलं. ते जवळपास सगळेच वरच्या पायऱ्यांवर बसायला लागले, दुर्मिळपणा मोजायला काही उरलं नाही, तेव्हा २०२५ मध्ये जीआयएने त्यांच्यापुरती ही अक्षरं काढून टाकली आणि ‘प्रीमियम’ व ‘स्टँडर्ड’ अशा दोनच प्रती ठेवल्या.