मॉडेलच्या फोटोवर अभिप्राय: ही रीत आली कुठून

हिवाळा आला की नागपुरातल्या फोटोवाल्यांना उधाण येतं. सकाळचं ऊन तिरपं आणि मऊ असतं. अंबाझरीच्या काठावर किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीत मॉडेल, चेहऱ्यावर ऊन परतवायला थर्माकोलची शीट धरून उभा असलेला एखादा मित्र आणि कॅमेरावाला असे तिघं हमखास दिसतात. संध्याकाळी ते फोटो चार जणांसमोर येतात. कोणी म्हणतं, "पोट्टी भारी आहे बे!" कोणी म्हणतं, "चेहरा थोडा उजळ कर ना." जरा जाणकार असेल तो सांगतो, "थर्ड्सवर नाही बसलं." अशा बैठकांना मी बरीच वर्षं जातो आहे. फोटो दाखवणारा पोरगा ही तीन वाक्यं ऐकून घरी जातो आणि पुढच्या रविवारी तसाच फोटो काढून आणतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही वाक्यं त्या मित्रांनी स्वतः शोधलेली नाहीत, ती फार जुनी आहेत.

जाणकाराचं वाक्य आधी घेऊ. 'रूल ऑफ थर्ड्स', म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून मुख्य गोष्ट त्या रेषांवर बसवायची. हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये छापलं. फोटोग्राफी जगाला कळली १८३९ मध्ये. स्मिथ बोलत होता तो निसर्गचित्राबद्दल, म्हणजे आभाळ किती, जमीन किती, उजेड किती, अंधार किती याबद्दल. समोर बसलेल्या माणसाच्या नजरेचा तिथे विषयच नव्हता. तरी चित्रकारांचे नियम फोटोत आले, कारण सुरुवातीला फोटो ही कला आहे हेच कोणी मानत नव्हतं आणि चित्रासारखं दिसणं हाच मान मिळवण्याचा मार्ग होता. हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीचा प्रसंग उभा केला. मुलगी धडधाकट मॉडेल होती. लोकांना तो प्रसंग फोटोत सोसवला नाही आणि टीका झाली. याच रॉबिन्सनने पुढे १८६९ मध्ये फोटोच्या रचनेवर पुस्तक लिहिलं, आणि त्यातली शिकवण फोटो-क्लबांमध्ये पिढ्यानपिढ्या मुरली.

त्याच काळातली ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन मला फार जवळची वाटते. जन्म कलकत्त्याचा, १८१५चा. पहिला कॅमेरा हातात आला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाकडून भेट म्हणून. घरातली मोलकरीण मेरी हिलियर हीच तिची मॉडेल, आणि तिला तिने पुन्हा पुन्हा मॅडोनाच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, रूपात बसवलं. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या नियतकालिकातल्या समीक्षकाचा रोख मात्र फोकस हललाय आणि काम गबाळं आहे यावर राहिला. आज त्याच धूसर चेहऱ्यांपुढे लोक थबकून उभे राहतात. समीक्षकाची नजर अधू होती असं मी म्हणणार नाही. पण त्याने एकच मोजपट्टी हातात धरली होती.

आपल्याकडे ही मोजपट्टी लवकर पोचली. लंडनची सोसायटी १८५३ची, मुंबईची १८५४ची. पुढे सॅलॉन, म्हणजे फोटोंच्या प्रदर्शन-स्पर्धा, आले. फोटोग्राफीची जागतिक संघटना 'फियाप' १९५०ची, फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ची. सॅलॉनची पद्धत अशी की परीक्षकापुढे फोटो काही सेकंद येतो, तो गुण देतो, ठरलेल्या बेरजेच्या वरचे फोटो स्वीकारले जातात. अशा स्वीकृती जमल्या की नावापुढे पदवीसारखी अक्षरं लागतात. या व्यवस्थेने हजारो हौशी लोकांना शिस्त लावली, हे मान्यच करायला हवं. मात्र नाकारलेला फोटो परत येतो तेव्हा त्यासोबत कारण येत नाही. पोरांनी मग कारणाऐवजी नियम पाठ केले.

अभिप्रायाची ताकद किती असते, हे पाहायचं तर अमेरिकेतला फोटोग्राफर विल्यम मॉर्टेन्सन पाहावा. तो मॉडेलना वेशभूषा देऊन, मंचावर बसवल्यासारखे नाट्यमय फोटो करायचा, आणि १९३०च्या दशकात त्याचा बोलबाला होता. अॅन्सेल अॅडम्स आणि त्याच्या 'एफ ६४' या फोटोग्राफरांच्या गटाला (१९३२) मात्र स्वच्छ, न रंगवलेला फोटो हवा होता. अॅडम्स मॉर्टेन्सनला सैतानाच्या रांगेत बसवत असे. ब्यूमाँट न्यूहॉलने फोटोग्राफीचा इतिहास लिहिला तेव्हा त्यातून मॉर्टेन्सन जवळजवळ गायबच झाला.

"उजळ कर" हे वाक्य मात्र क्लबातून आलं नाही, ते स्टुडिओतून आलं. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फ्श्टेंगलने १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेली निगेटिव्ह दाखवली आणि तिथून पेन्सिलीने निगेटिव्ह सारखी करायचा धंदा जगभर पसरला. आपल्या सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत ज्याने स्थळासाठी मुलीचा फोटो काढून घेतला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. गिऱ्हाईक पैसे देणार, आई शेजारी उभी, आणि सूचना एकच: गोरी दिसू द्या. त्यात रंगीत फिल्मची भर पडली. कोडॅक प्रिंटचे रंग तपासायला जे कार्ड पाठवायचं, त्यावर अनेक दशकं गोरी बाईच असायची. 'शर्ली कार्ड' हे त्याचं नाव. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका त्यावर आल्या त्या १९९०च्या दशकात. विदर्भातल्या उन्हात रापलेल्या सावळ्या चेहऱ्यावर कपाळाचा, गालफडाचा प्रकाश किती सुंदर उतरतो! तो पुसून टाका असा अभिप्राय द्यायचा, म्हणजे फोटोतली सगळ्यात चांगली गोष्टच घालवायची.

राहिलं पहिलं वाक्य, "पोट्टी भारी आहे". त्यावर बोलताना मला संताप येतो. १९७५ मध्ये लॉरा मल्व्हीने सिनेमाबद्दल लिहिताना बाईला फक्त बघायची वस्तू मानणाऱ्या पुरुषी नजरेला नाव दिलं, त्याला पन्नास वर्षं झाली. ते वाक्य फोटोबद्दल काहीही सांगत नाही. मॉडेलने सकाळचे तीन तास थंडीत उभं राहून केलेली मेहनतही त्यात कुठे दिसत नाही.

दुसरी वाटही याच इतिहासात आहे. अमेरिकन फोटोग्राफर मायनर व्हाइट विद्यार्थ्यांना आधी शांत बसवायचा आणि मग फोटो 'वाचायला' लावायचा. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मनने १९९०च्या सुमारास एक क्रम बसवला. बघणाऱ्याने आधी सांगायचं की कामात काय भिडलं. मग कलाकाराने आपले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी मत न लादता प्रश्न विचारायचे. मत सगळ्यात शेवटी, तेही परवानगी मागून. हा क्रम नाचासाठी होता, पण फोटोला तो जसाच्या तसा चालतो.

आमच्या बैठकीत आम्ही त्यात एक भर घातली: मॉडेलची तयारी असेल तर तीही बसते. गेल्या हिवाळ्यात फुटाळा तलावावर काढलेल्या एका फोटोत डावा हात ताठ आहे, असं चौघांनी सांगितलं. ती म्हणाली, "दादा, शाल सारखी घसरत होती, म्हणून धरून ठेवली होती. सांगायचा संकोच वाटला." फोटो काढणाऱ्याने तिथल्या तिथे वही उघडली आणि लिहिलं: सेफ्टी पिना, दर दहा मिनिटांनी ताईंना विचारणे.