आतली भिंत पाडायला परवानगी लागत नाही?

‘घर आपलं, आतली भिंत पाडायला कुणाची परवानगी?’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं. रंग, गिलावा, फरशी अशा किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. घराच्या सांगाड्याला हात लावायचा तर लागते, भिंत आत असो वा बाहेर.

भिंत कसली ते कसं ओळखायचं? दाराच्या चौकटीपाशी टेप धरा. गिलाव्यासकट साडेपाच-सहा इंच भरली तर बहुधा नुसता आडोसा. दहा इंच किंवा जास्त भरली तर थांबा, ती वरचा भार पेलणारी असू शकते. कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत बऱ्याचदा कॉलम, म्हणजे भार पेलणारे खांबच नसतात. स्लॅब किंवा तुळया थेट भिंतीवर. अशी भिंत काढल्यावर लगेच काही कोसळेलच असं नाही, फसगत तिथंच होते. वरच्या मजल्यावर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, दारं अडकायला लागतात. म्हणून घराचा मंजूर नकाशा बाहेर काढा, वरच्या मजल्यावर त्याच जागी भिंत आहे का बघा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गवंड्याचा हात कितीही बसलेला असो, भाराचं गणित त्याचं काम नव्हे.

भिंतीसोबत नवीन वायरिंग करायचं असेल, तर तेही परवानाधारक ठेकेदाराकडूनच. बल्ब मात्र खुशाल स्वतः बदला.