खासगी क्लाउड : फाइल डिस्कवर, नोंद डेटाबेसमध्ये

लिनक्सवर स्वतःचा खासगी क्लाउड, म्हणजे आपल्या फाइली आपल्याच सर्व्हरवर ठेवून कुठूनही वापरण्याची सोय, उभारणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. त्यासाठी अनेक जण नेक्स्टक्लाउड हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. ओनक्लाउड या प्रकल्पातून ते २०१६ मध्ये वेगळे झाले. डेबियन किंवा उबुंटू असलेल्या एखाद्या जुन्या संगणकावर अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी ही भाषा, मारियाडीबी हा डेटाबेस आणि त्यांवर नेक्स्टक्लाउड बसवले, की थोड्याच वेळात लॉगिनचे पान दिसू लागते. मात्र त्या पानामागे काय चालते हे माहीत नसेल, तर पहिल्याच बिघाडात माणूस गोंधळून जातो.

फोनवरून चढवलेला फोटो डिस्कवर साध्या फाइलच्याच रूपात साठतो, पण त्याचे नाव, आकार आणि तो कोणाशी शेअर केला आहे, याची नोंद डेटाबेसमध्ये होते. त्यामुळे टर्मिनलमधून एखादी फाइल थेट डेटा फोल्डरमध्ये कॉपी केली, तर ती डिस्कवर असूनही ब्राउझरमध्ये दिसत नाही. सर्व्हरला नव्याने स्कॅन करायला सांगावे लागते.

सिंकची, म्हणजे सगळ्या उपकरणांवरच्या फाइली सारख्या ठेवण्याची, युक्ती तर फारच सुरेख आहे. प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला ईटॅग नावाची एक खूण असते. फाइल बदलली की तिचा ईटॅग बदलतो, आणि त्याबरोबर तिच्या वरच्या प्रत्येक फोल्डरचाही, अगदी मुळापर्यंत. लॅपटॉपवरचा क्लायंट, म्हणजे सिंक करणारा प्रोग्रॅम, अधूनमधून फक्त मूळ फोल्डरचा ईटॅग विचारतो. तो जुनाच असेल तर काम तिथेच संपते, बदललेला असेल तर ज्या फोल्डरचा ईटॅग बदलला आहे तेवढ्यातच तो खाली उतरत जातो. हजारो फाइली असूनही नेटवर्कवर ताण पडत नाही, तो यामुळेच.

बाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचणे हा वेगळाच प्रश्न आहे. राउटरला मिळालेला आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि मग पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली विनंती राउटरने घरातल्या सर्व्हरकडे वळवण्याचा) काही उपयोग होत नाही. अशा वेळी सार्वजनिक पत्ता असलेल्या एखाद्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीचा, बोगदा काढावा. २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून वायरगार्ड लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे.

बॅकअपबाबत मात्र तडजोड नको. एकच डेटा दोन डिस्कवर ठेवणाऱ्या रेडमुळे एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते, पण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते, म्हणून रेडला बॅकअप समजू नये. शिवाय फाइली आजच्या आणि डेटाबेस कालचा, अशी जोडी परत आणली तर नोंदी आणि फाइली जुळत नाहीत. यासाठी आधी मेंटेनन्स मोड चालू करावा, म्हणजे तेवढ्यात कोणी काही बदलू शकत नाही, डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढावा, आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने डेटा आणि कॉन्फिग फोल्डर दुसऱ्या यंत्रावर न्यावेत, मगच मोड बंद करावा. हे नेक्स्टक्लाउडच्या प्रत्येक अपग्रेडच्या आधीही करावे, कारण अपग्रेडनंतर मागच्या आवृत्तीवर परतण्याची सोय नाही आणि पुढे जातानाही मधली एकही मुख्य आवृत्ती वगळता येत नाही.