एक अडकित्ता, दोन सुपाऱ्या

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी तो निरोप फिरून येतो: "अल्झायमर म्हणजे टाइप ३ डायबिटीस! आजच साखर सोडा, म्हातारपणी नातवंडांची नावं विसरणार नाही." खाली हात जोडलेल्या चार बाहुल्या. साखर सोडायला माझी काहीच हरकत नाही. पण त्या दोन ओळींत एक खरी गोष्ट, एक अर्धी खरी गोष्ट आणि एक निव्वळ आरोळी अशी काही कालवली आहे, की ती निवडायला बसलं तर लेखच होतो. तर बसू या.

आधी त्या नावाचं बघू. 'टाइप ३' हा शब्दप्रयोग २००५ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या सुझान द ला मॉन्टे यांच्या गटाने केला. अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत इन्सुलिन आणि त्याच्या भाऊबंदांचा कारभार मंदावलेला त्यांना दिसला, म्हणून त्यांनी हे नाव सुचवलं. सुचवलं, एवढंच. मधुमेहाच्या अधिकृत वर्गवारीत या अर्थाने 'टाइप ३' नाही. उलट 'टाइप ३सी' नावाचा खराखुरा प्रकार आहे, तो स्वादुपिंडाच्या आजारातून होणारा मधुमेह, आणि त्याचा स्मरणशक्तीशी काडीचा संबंध नाही. नाव मात्र इतकं आकर्षक, की संशोधन मागे राहिलं आणि नाव पुढे पळालं.

खरी गोष्ट अशी की मधुमेह आणि डिमेन्शिया (म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाणं; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) यांचा संबंध आकड्यांत दिसतो, आणि पुन्हा पुन्हा दिसतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या सहा हजारांहून अधिक वयस्कर रहिवाशांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या 'व्हाइटहॉल २' अभ्यासाने २०२१ मध्ये त्यात आणखी एक बारकावा आणला, तो म्हणजे मधुमेह कोणत्या वयात झाला. सत्तरीच्या माणसांपैकी ज्यांना मधुमेह नव्हता त्यांच्यात दर हजारी वर्षाला सुमारे ९ जणांना डिमेन्शिया झाला. ज्यांचा मधुमेह दहा वर्षांहून जुना होता त्यांच्यात सुमारे १८ जणांना. मधुमेह जितका लवकर, तितका धोका जास्त. दर पाच वर्षांमागे साधारण २४ टक्क्यांनी.

'दुप्पट' ऐकून कुणी धसका घेऊ नये, म्हणून हजारी आकडे मुद्दाम दिले. १८ जणांना झाला म्हणजे त्या वर्षी ९८२ जणांना झाला नाही. पण हेच गणित आपल्याकडे आणलं की कपाळाला आठी पडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींवर मधुमेही आहेत, आणि राज्यांच्या यादीत पहिलं नाव गोव्याचं: २६.४ टक्के. शिवाय आपल्या लोकांना मधुमेह पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो. चाळिशीत सुरू झालेली शुगर सत्तरीपर्यंत तीस वर्षांची होते.

आता माझ्या आवडीच्या ठिकाणी येतो. हा संबंध जोडतं कोण?

इन्सुलिन हे ५१ अमायनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. जेवण झालं की स्वादुपिंड ते सोडतं, आणि काम झालं की शरीराला ते लगेच मोडावंही लागतं, नाहीतर साखर उतरतच राहील. रक्तातलं इन्सुलिन पाचेक मिनिटांत निम्मं होतं. हे मोडण्याचं काम करणारं विकर (एन्झाइम) १९४९ मध्ये आर्थर मिर्स्की आणि रॉबर्ट ब्रो-कान यांनी नोंदवलं आणि त्याला 'इन्सुलिनेज' म्हटलं. आज त्याचं लांबलचक नाव आहे इन्सुलिन डिग्रेडिंग एन्झाइम. आपण आयडीई म्हणू. किंवा सरळ अडकित्ता.

पंचेचाळीस वर्षं हा अडकित्ता मुख्यतः इन्सुलिनचा म्हणूनच ओळखला गेला. मग १९९४ मध्ये जपानमध्ये काम करणारे इगोर कुरोच्किन आणि सातारो गोतो उंदराच्या मेंदूच्या अर्कात अमायलॉइड बीटाला कोण पकडतं हे शोधत होते. अमायलॉइड बीटा म्हणजे ४०-४२ मण्यांची, म्हणजे अमायनो आम्लांची, प्रथिनाची माळ. अलॉइस अल्झायमरने १९०६ मध्ये आपल्या रुग्ण बाईच्या मेंदूत जी किटणं पाहिली, ती बहुतांशी याचीच. तर त्या अर्कात अमायलॉइडला घट्ट धरून बसलेलं विकर निघालं आयडीई. स्वादुपिंडाचा माल तोडणारा आणि मेंदूतला कचरा तोडणारा अडकित्ता एकच! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा चहा निवून गेला होता.

या अडकित्त्याची घडणही बघण्यासारखी आहे. २००६ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या वेई-जेन तांग यांच्या गटाने त्याची रचना उलगडली. कुंकवाचा करंडा आठवा. तोंडाला तोंड लावलेल्या दोन वाट्या, मध्ये बिजागरी, आत पोकळी, आणि पोकळीच्या भिंतीत जस्ताचा एक अणू. हे जस्त म्हणजे पातं. करंडा उघडतो, छोटं प्रथिन आत शिरतं, झाकण मिटतं, तुकडे पडतात, करंडा पुन्हा उघडतो. सत्तर-ऐंशी मण्यांपेक्षा लांब माळ सहसा आत मावतच नाही, म्हणून मोठी प्रथिनं सुखरूप राहतात.

गंमत पुढे आहे. बरीच विकरं मण्यांचा ठरावीक क्रम बघून कापतात. आयडीई क्रमाच्या बाबतीत फारसं चोखंदळ नाही. त्याच्या गिऱ्हाइकांची यादी बघा: इन्सुलिन, ग्लुकॅगॉन, अमायलिन, अमायलॉइड बीटा. यांच्या माळा एकमेकींसारख्या नाहीत, पण खोड एकच: गर्दी झाली की एकमेकींना चिकटून धागे व्हायची. त्यातलं अमायलिन इन्सुलिनच्याच बरोबरीने स्वादुपिंडातून बाहेर पडतं, आणि टाइप २ मधुमेहाच्या अनेक रुग्णांच्या स्वादुपिंडात त्याचीही किटणं साचलेली सापडतात. म्हणजे इकडे पोटात किटण, तिकडे डोक्यात किटण, आणि दोन्हीकडे झाडू मारणारा एकच.

आता टाइप २ मधुमेहात काय होतं ते आठवा. पेशी इन्सुलिनला जुमानत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. निदानाच्या आधीची कितीतरी वर्षं रक्तात इन्सुलिन कमी नसतं, उलट जास्त असतं. आणि हा अडकित्ता इन्सुलिनला अमायलॉइडपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, पण कापतो सावकाश. एक सुपारी पात्यात अडकून बसली, की दुसरीची पाळी यायला उशीर. २००३ मध्ये ज्या उंदरांचं आयडीईचं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्या रक्तात इन्सुलिन वाढलं आणि मेंदूत अमायलॉइडही वाढलं. एकाच उंदरात दोन्ही!

याला जोडून आणखी एक धागा आहे, तो भराभर सांगतो. इन्सुलिन ज्यांवर बसून आपला निरोप देतं ते ग्राही (रिसेप्टर) मेंदूतही असतात, हे १९७८ मध्येच कळलं होतं. चेतापेशीला ग्लुकोज आत घ्यायला इन्सुलिनची फारशी गरज नसते, तिच्या दारावर ग्लुट-३ नावाचा वेगळा द्वारपाल असतो. पण इन्सुलिन ग्राहीवर बसलं की एकेटी नावाचं विकर जागं होतं, ते जीएसके-३ ला गप्प करतं, आणि जीएसके-३ गप्प असलं की टाऊ प्रथिनावर फॉस्फेटचे नको तितके गट चढत नाहीत. इन्सुलिनची हाक ऐकू येईनाशी झाली की ही साखळी उलटी फिरते, टाऊचे गुंते होतात, आणि हे गुंते अल्झायमरची दुसरी खूण. ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी तो खुशाल सोडावा.

गोष्ट इथे संपली असती तर झकास होती. पण पुराव्याने तिला खोडा घातला.

मधुमेहाने अमायलॉइड साचत असेल, तर मधुमेही माणसांच्या मेंदूत मृत्यूनंतर ते जास्त सापडायला हवं. शवविच्छेदनाचे अनेक अभ्यास झाले. बहुतेकांत अल्झायमरची किटणं मधुमेहींत आणि इतरांत सारखीच निघाली. जास्त काय निघालं? छोट्या छोट्या रक्तवाहिन्या बुजून मेलेले मेंदूचे ठिपके. शिवाय आयडीईचा बराचसा मुक्काम पेशीच्या आत असतो आणि किटणं बाहेर. आणि रक्तात इन्सुलिन वर्षानुवर्षं चढं राहिलं की मेंदूच्या वेशीवरून आत येणारं इन्सुलिन कमी होऊ शकतं, म्हणजे पातं अडवायला तिथे सुपारीच पुरेशी नाही. माझा लाडका अडकित्ता खोटा नाही, पण मुख्य आरोपी बहुधा तो नसावा. हे लिहिताना मला थोडं वाईट वाटतंय.

मुख्य संशय जातो तो रक्तवाहिन्यांवर. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण खर्च वीस टक्के. हा पुरवठा केसाहून बारीक वाहिन्यांतून होतो, आणि चढ्या साखरेने खराब होतात त्या नेमक्या अशाच वाहिन्या. मधुमेहींना डोळ्यांचे डॉक्टर वर्षाला पडदा तपासायला बोलावतात, तो पडदा म्हणजे मेंदूच्याच जातीची वाहिनी उघड्यावर दिसण्याची एकमेव खिडकी. तिथे रक्ताचे ठिपके दिसले, तर आतही काहीतरी चाललं असणार असं धरून चालावं. मधुमेहाचा संबंध रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियाशी अल्झायमरपेक्षा जास्त घट्ट दिसतो, त्याचं कारण हेच.

औषधांनीही तेच सांगितलं म्हणा ना. इन्सुलिन नाकातून फवारून अल्झायमर थोपवता येईल, अशी मोठी आशा होती. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. मग आशा वळली सेमाग्लुटाइडकडे, तेच, वजन उतरवणारं म्हणून गाजलेलं मधुमेहाचं औषध. ३,८०८ रुग्णांवरच्या दोन चाचण्यांचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला: सुरू झालेला अल्झायमर त्या गोळीने मंदावला नाही. अल्झायमर खरोखरच 'टाइप ३ मधुमेह' असता, तर मधुमेहाच्या इतक्या जोरकस औषधाने थोडी तरी दाद द्यायला हवी होती. झाल्यावर थोपवणं आणि होण्याआधी टाळणं यांत अंतर आहे, हे मान्य. पण ग्रुपवरचा निरोप या बातमीनंतरही त्याच उत्साहात आला.

याच ग्रुपवर बिबळा नावाच्या झाडाच्या लाकडाचा पेलाही विकायला येतो. रात्रभर पाणी ठेवायचं, सकाळी ते तांबूस होतं, प्यायलं की "शुगर आणि विसराळूपणा दोन्ही जातात". पाण्याला रंग येतो तो लाकडातल्या द्रव्यांचा. चहापत्तीनेही येतो. लाकडाशी माझं वैर नाही. पेल्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणारे दोघे जण मला ठाऊक आहेत, म्हणून लिहिलं.

मग शुगर कडक ताब्यात ठेवली की झालं? तेही तितकं सरळ नाही. 'अकॉर्ड' या अमेरिकी-कॅनेडियन चाचणीत एका गटाची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ६ च्या खाली आणायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढले म्हणून २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला, आणि ४० महिन्यांनी बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ मधुमेहींच्या २००९ च्या अभ्यासात, ज्यांना शुगर फार उतरल्यामुळे एकदा रुग्णालयात जावं लागलं त्यांचा डिमेन्शियाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी जास्त, तीन किंवा अधिक वेळा जावं लागलेल्यांचा जवळपास दुप्पट. आपल्याकडे चढलेल्या शुगरची धास्ती घरोघर आहे. उतरलेल्या शुगरला मात्र "जरा चक्कर आली" म्हणतात.

माझी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. इन्सुलिन घेतलं की कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलने बरोबरची खूण करायची, हा तिचा शिरस्ता. एका सकाळी ती खूण करायला विसरली, अर्ध्या तासाने कॅलेंडर पाहिलं, खूण नाही, म्हणून पुन्हा टोचून घेतलं. मी अकराला पोहोचलो तेव्हा ती घामाने निथळत ओट्याशी उभी होती आणि मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारत होती. बोटाला सुई टोचून पाहिलं, ४६. साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी म्हणाली, "अरे, तू कधी आलास? चहा टाकते."

विसरण्याने शुगर उतरते आणि शुगर उतरण्याने विसरणं वाढतं, हे चक्र मी तोवर फक्त वाचलं होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. बारा आकडे तिने सुबक मांडले. मग एक काटा अकरावर नेला आणि दुसरा दहावर. डॉक्टरांनी तिची एचबीए१सीची मर्यादा ७ वरून ८ च्या आसपास सैल केली, सकाळचं इन्सुलिन कमी केलं आणि इन्सुलिनचं पेन सुनेच्या कपाटात ठेवायला सांगितलं. बारा वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत होती आणि शुद्ध शाकाहारी, म्हणून बी-१२ तपासलं. ते तळाला गेलेलं निघालं. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्याच्या कमतरतेनेही विसरायला होतं, ही साधी गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती, लेख लिहिणाऱ्या भाच्यालाही आठवली नव्हती. इंजेक्शनं सुरू झाली.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा कागद पुढे केला. तिने बराच वेळ पेन्सिल हवेत धरली, ओठांत काहीतरी मोजलं, आणि मोठा काटा दोनवर नेला. बी-१२ मुळे, शुगर उतरायची थांबली म्हणून, की आदल्या रात्री झोप चांगली लागली म्हणून, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, एका घड्याळावरून नाही सांगता येत. मावशीने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.