वैयक्तिक संकेतस्थळावरचं लेखन

एखाद्याने स्वतःच्या नावाने किंवा टोपणनावाने चालवलेल्या साइटवर, मध्ये कुणी संपादक न घेता, स्वतः लिहून स्वतःच टाकलेला मजकूर म्हणजे वैयक्तिक संकेतस्थळावरचं लेखन. ललित, ट्रेकचे वृत्तांत, पाककृती, पुस्तकांवरचं, आपल्या धंद्याची माहिती, सगळं यात येतं. साइट कशी काढायची वगैरे इथे घेतलेलं नाही, ते आता कुणालाही जमतं.

‘संकेतस्थळ’ शब्द जुना आहे, संस्कृत काव्यात प्रेमिकांनी भेटायला ठरवलेली जागा ती संकेतस्थळ, त्यामुळे ‘खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज भरा’ हे वाचताना कुणाला प्रियकराला भेटायला निघालेली अभिसारिका आठवत नाही हे एका परीने बरंच झालं. रोज किंवा अधूनमधून लिहायच्या साइटला ‘अनुदिनी’ म्हणायची पद्धत पडली. त्याचं मूळ समर्थ रामदासांच्या ‘अनुदिनीं अनुतापें’मध्ये शोधायचा मोह होतो, पण तिथे ते क्रियाविशेषण आहे, अर्थ ‘रोजच्या रोज’. आजचं स्त्रीलिंगी नाम ‘दैनंदिनी’च्या वळणावर पाडलेलं असावं हे जास्त पटतं. बोलताना मात्र सगळे ब्लॉग आणि साइटच म्हणतात.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतलं १९९१ चं पहिलं पान काही जण धरतात, पण ते प्रकल्पाची माहिती देणारं होतं, कुणाचं स्वतःचं असं नव्हतं. अमेरिकेतल्या जस्टिन हॉल या कॉलेजच्या विद्यार्थ्याने जानेवारी १९९४ मध्ये स्वतःबद्दल लिहायला घेतलं, तिथून मोजणं जास्त सयुक्तिक वाटतं. ‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्जर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये वापरला आणि पीटर मेरहोल्झ यांनी १९९९ मध्ये गमतीत त्याचे तुकडे पाडून ‘ब्लॉग’ केला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि मायबोली ही साइट १९९६ ची, त्यामुळे मराठी माणसांची स्वतःची पानं साधारण नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात दिसू लागली असं धरायला हरकत नाही.

मराठीत या लेखनाचं नशीब ठरवलं ते फाँटने. सुरुवातीला देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले फाँट असायचे (शिवाजी, किरण, शुषा वगैरे) आणि वाचणाऱ्याकडे तोच फाँट नसला की मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. यावर तोडगा म्हणून पानाबरोबर आपोआप उतरणारे डायनॅमिक फाँट आले, ते बहुतेक इंटरनेट एक्सप्लोररपुरतेच चालायचे, काही जण तर सरळ मजकुराचं चित्र करून लावायचे. अशा फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवली जायची, म्हणजे ‘किती’मध्ये आधी वेलांटी मग क, आणि ‘सर्व’मधला रफार व च्या नंतर. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, तिच्यात उच्चाराचा क्रम असतो, आधी क मग वेलांटी, आणि रफाराचा र व च्या आधी. त्यामुळे जुनं लेखन कन्व्हर्टरमधून काढलं की वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात आणि रफार भलतीकडे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण विंडोज २००० बरोबर मंगल फाँट येईपर्यंत घरच्या कॉम्प्युटरवर तिचा फारसा उपयोग नव्हता, आणि विंडोज एक्सपीवर सीडी घालून सपोर्ट चालू करावा लागायचा, नाहीतर चौकोन चौकोन.

युनिकोड आल्यावरही दोन अक्षरांनी छळलं. एक ‘ऱ्या’मधला अर्धा र. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात गुरू आणि स्वयंपाकी इतका फरक आहे, दर्या आणि दऱ्या यात समुद्र आणि डोंगरांमधली खोरी. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, नुक्तावाल्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या र ला (०९३१ क्रमांकाचा) हलंत देऊन (म्हणजे पाय मोडून) किंवा साध्या र ला हलंत देऊन पुढे जोडक हे न दिसणारं चिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण साधा शोध घेताना दोन वेगळे शब्द, म्हणून स्वतःच्याच साइटवर स्वतःचा लेख सापडत नाही असं होतं. दुसरं ‘ॲ’, त्याला स्वतंत्र जागा (०९७२) २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने दिली, तोवर लोक अ वर जोडक आणि चंद्र टाकून भागवायचे किंवा ए वर चंद्र द्यायचे. तिन्ही पद्धती अजून चालू आहेत.

फाँटच्या काळात मराठी मजकूर शोधून सापडायचा नाही तसा उचलताही यायचा नाही, कारण चिकटवला की खिचडीच. युनिकोडने दोन्ही सोपं केलं. म्हणजे मराठी लेखन गूगलवर मिळायला लागलं आणि चोरीला जायला लागलं ते एकाच कारणाने, ही गोष्ट चोरीबद्दल तक्रार करताना सहसा कुणी बोलत नाही. एखादा बरा लेख निघाला की आधी खाली ‘साभार’ येतं, मग ‘लेखक अज्ञात’, आणि दोनेक वर्षांत तोच पुलं किंवा वपुंच्या नावाने फॅमिली ग्रुपवर परत येतो, कधीकधी मूळ लिहिणाऱ्याच्याच फोनवर, आणि ‘अहो हे माझं आहे’ म्हटलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

कायद्याने असं लेखन १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली येतं, नोंदणी सक्तीची नाही, खऱ्या नावाने लिहिलेल्याची मुदत लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. कलम ५७ नुसार हक्क विकला तरी ‘हे मी लिहिलंय’ म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. ‘मूळ’ कशाला म्हणायचं यावर सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी खटल्यात नुसती मेहनत पुरेशी नाही, थोडीतरी सर्जकता हवी असं धरलं.

वाचनीयतेबद्दल सल्ले भरपूर मिळतात, बरेचसे इंग्रजीतून उतरवलेले. मराठीत ट्रेकचे वृत्तांत बघितले तर मुद्दा लवकर कळतो. गडाच्या इतिहासाचा परिच्छेद दहा साइटवर शब्दशः एकच असतो, बऱ्याचदा मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधून, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी माहितीग्रंथातून आलेला (गॅझेटियरची मुदत संपलेली, त्यामुळे ती चोरी नाही, पण मूळ लेखनही नाही), आणि एकाने सन चुकवला की दहाही ठिकाणी तोच चुकतो. ‘गडावर पाण्याचं टाकं आहे’ हे सगळे लिहितात. ‘टाक्यात मार्चमध्ये वीतभर पाणी होतं, हिरवं, ओढणीतून गाळून चहापुरतं घेतलं’ हे जो गेला तोच लिहू शकतो आणि पुढचा ट्रेकर नेमकं तेच शोधत येतो. २०२२ च्या अखेरीपासून यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूरही भरपूर दिसतो, ‘आजच्या धावपळीच्या जगात’ अशी सुरुवात आणि टाकं कायम भरलेलं.

टिकण्याचा प्रश्न वेगळाच. फुकट साइट काढू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं आणि फुकट जागेवरची असंख्य पानं त्याबरोबर गेली. डोमेनचे पैसे भरायचे राहिले की स्वतःच्या नावाची साइटही जाते. काही पानं जुन्या साइट जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये सापडतात, पण फाँटच्या काळातली असली तर पान उघडतं आणि फाँट मिळत नाही, मग कुठलं रोमन अक्षर म्हणजे कुठलं मराठी अक्षर याचा तक्ता करून, वेलांटी मागे सरकवत, एकेक ओळ लावावी लागते.